घोडपदेवच्या इंजिनाचा पंचनामा

एरंडेलाचा वास आला की मला अजून घोडपदेवची ती पत्र्याची शेड दिसते. पोलिसात तीस-बत्तीस वर्षे काढली. खून पाहिले, दंगली पाहिल्या, दोनदा डोके फोडून घेतले. त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहे. ही एकच केस जशीच्या तशी आठवते, आणि हीच मी कधी कुणाला सांगितली नाही. निवृत्त अधिकाऱ्यांच्या बैठकीत आपापले पराक्रम सांगायची पाळी येते, तेव्हाही मी ती टाळत आलो. सांगायची तर खरी सांगावी लागेल, हे त्याचे कारण.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. मी नवा सब-इन्स्पेक्टर, नोकरीत अजून कायम न झालेला, गिरणगावातल्या एका ठाण्यात. आदल्या वर्षी मुंबईत गोळीबार झाले होते. मी स्वतः गोळी झाडली नव्हती, पण गणवेश तोच होता. लालबागच्या चाळीखालून आम्ही चाललो की वरच्या गॅलरीतून एखादी बाई नेमकी बादली ओतायची आणि वर म्हणायची, "अगं बाई, दिसलाच नाहीत हो साहेब!"

त्याच हिवाळ्यात सुएझचा कालवा बंद पडला. तेलाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येणार, पेट्रोल पुरेल की नाही सांगता येत नाही, अशा बातम्या येऊ लागल्या. टॅक्सीवाले धास्तावले. ठाण्याची गाडी जपून वापरा, असा आम्हालाही तोंडी हुकूम आला. आम्ही बंदोबस्ताला पायी जाऊ लागलो. ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. तेलावाचून अडते कसे, हे मला माझ्या पायांनी कळत होते.

दारूबंदी कडक होती. महिन्याला किती केसेस केल्या, याचा तक्ता वर जायचा आणि तक्ता रिकामा दिसला की आमचे वरिष्ठ इन्स्पेक्टर हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर सालटी काढायचे.

खबर आणली ती आमच्या नेहमीच्या खबऱ्याने. हा शिवडीच्या बाजूला स्वतःच हातभट्टी लावायचा आणि स्वतःची वाचावी म्हणून दुसऱ्यांच्या दाखवायचा.

"घोडपदेवला नवी भट्टी लागलीय साहेब. चाळीच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये. दर रविवारी दुपारी पेटते."

"गिऱ्हाईक कोण?"

"तीच तर गंमत. गिऱ्हाईकच नाय. बाटली भायेर येत नाय. आणि माल काय सांगू, काडी लावली तर निळा जळतो म्हणे. उद्या हा इकायला लागला तर आमचा बाजार उठला!"

गिऱ्हाईक नसलेली भट्टी मी ऐकली नव्हती. खबऱ्या ज्या गोष्टीने स्वतः गोंधळतो, तिथेच पोलिसाने थांबून विचार करायचा असतो. मी तक्त्याचा विचार केला.

छाप्याला दोन पंच लागतात. आपण जे पाहिले ते लिहायचे आणि पाहणाऱ्या दोन तटस्थ माणसांनी खाली सही करायची, हा पंचनाम्याचा सगळा अर्थ. आमच्या ठाण्याचे दोन पंच ठरलेले होते, एक नाक्यावरचा पानवाला आणि दुसरा इस्त्रीवाला. दोघांना दुकान सोडून यायला नको असायचे. म्हणून ते सकाळीच कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून द्यायचे. वरचा मजकूर आम्ही मागाहून भरायचो. यात काही वावगे आहे असे कुणाला वाटत नसे. मी रुजू झालो तेव्हा विचारले, तर ठाण्यातले जुने हवालदार म्हणाले, "साहेब, पंचांनी येऊन तरी काय येगळं बघायचं? भट्टी ती भट्टी." त्या रविवारीही तेच हवालदार माझ्याबरोबर होते आणि सह्यांचे चार कागद माझ्या पाकिटात होते.

चाळीत शिरताना पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "गोळीबारवाले आले रे!" गॅलरीच्या कठड्याला आंदोलनाच्या ताज्या रंगवलेल्या पाट्या वाळत लावल्या होत्या. एक म्हातारा बिडी विझवत म्हणाला, "आज कुणाला धरताय? पाटीला का रंगाच्या डब्याला?" आम्ही मागच्या शेडकडे गेलो.

शेडचे दार उघडेच होते. आत चाळिशीचा, काटक, लष्करी बनियन घातलेला एक माणूस स्टोव्हवर पाणी तापवत बसला होता. परळच्या एका गॅरेजमध्ये हा मिस्त्री. त्याला मी त्या दिवशी अरे-तुरेच केले. आता लिहिताना ते हाताला येत नाही, म्हणून यापुढे मिस्त्रींना अहो-जाहोच लिहितो.

आम्हाला पाहून माणसे पळतात, पाया पडतात, नाही तर मडकी फोडतात. मिस्त्री उठून उभे राहिले आणि हसले.

"या साहेब. तीन अर्ज केले. आलात एकदाचे!"

हवालदार म्हणाले, "अर्ज? भट्टी लावायचा अर्ज करतात होय रे?"

"मग? सरकारला सांगितल्याशिवाय कसं करायचं? खात्याला लिवलं, माणूस पाठवा, मशीन बघा, परवाना द्या. मला वाटलं खात्यानं पोलिसांनाच सांगितलं."

आम्ही त्यांच्या अर्जावरून आलो आहोत अशी त्यांची खरोखरच समजूत झाली होती. ते आम्हाला पाहुण्यासारखे शेड दाखवू लागले. मळीची दोन पिंपे, तांब्याची नळी, कळीच्या चुन्याचा डबा. दोनदा गाळायचे, मग चुन्यावर ठेवून उरलेले पाणी काढायचे, असे सगळे सांगितले. लढाईत ते लष्करात ड्रायव्हर-मेकॅनिक होते. पेट्रोल नसले की लॉरी कोळशाच्या गॅसवर कशी चालवतात, ते तिथे शिकले होते.

"कालवा तिकडं कोण बंद करतो आणि टॅक्सी इथं लालबागला बंद पडते," ते म्हणाले. "आणि आपल्याकडं साखर कारखाने मळी वड्याला सोडतात. वासानं माणसं नाक दाबून पळतात. त्या मळीत गाडी आहे साहेब."

मी एक डबा उघडून वास घेतला. दारूच्या वासाखाली एरंडेलाचा वास होता.

"यात एरंडेल का?"

"इंजिनाला वंगण. आणि चाळीला कुलूप." ते पुन्हा हसले. "हे कोण पिईल साहेब? पिईल तो चार दिवस संडासाच्या रांगेतनं हटायचा नाय."

कोपऱ्यात फळीवर एक छोटे इंजिन बसवले होते. लष्कराच्या भंगारातले, बॅटऱ्या चार्ज करायचे. कार्ब्युरेटर उघडून त्यातले तेलाचे भोक मोठे केले होते, कारण स्पिरिट पेट्रोलपेक्षा जास्त लागते. वायरीला मोटारीचा एक दिवा जोडलेला. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी दुसऱ्या डब्याचा वास घेतो आहे हे पाहून ती म्हणाली, "वास काय घेता सारखा? चालवून बघा की."

मिस्त्रींनी तापवलेले पाणी कार्ब्युरेटरवर ओतले. थंड असले की स्पिरिट पेटायला कुरकुर करते, म्हणून. मग चाकाला दोरी गुंडाळून तिचे टोक माझ्या हातात दिले.

"तुम्हीच ओढा साहेब. म्हंजे मी काय हातचलाखी केली असं नको."

मी ओढली. काही झाले नाही. दुसऱ्यांदा ओढली, इंजिन खोकले. तिसऱ्यांदा सुरू झाले. शेडचा पत्रा थरथरू लागला आणि भर दुपारी तो दिवा लागला. धूर जवळजवळ नव्हताच. मी मनगटावरचे घड्याळ पाहिले. टाकीतले संपेपर्यंत सात मिनिटे इंजिन चालले. हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली होती. "साहेब," ते म्हणाले, "चालतंय की हो हे!"

परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा होता, ती पिण्यासाठी असो की इंजिनासाठी. अटक करणे मला भागच होते आणि मी ती केली. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. मिस्त्रींनीही कटकट केली नाही. साबणाने हात धुतले, धुतलेला सदरा घातला. मी पिंपावर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला, तेव्हा त्यांनी एकच विचारले.

"इंजिन चाललं, ते लिवताय ना?"

"लिहितोय."

"मग होऊ द्या केस. सरकारी कागदावर एकदा आलं की कोण नाय म्हणतो?"

तीन अर्जांना उत्तर न मिळालेल्या माणसाला माझा पंचनामा हा पहिला सरकारी दाखला वाटत होता. मी लिहिले, 'एक लहान इंजिन, स्पिरिटवर चालणारे, चालू स्थितीत.'

ठाण्यात अटकेचा फॉर्म भरताना मी विचारले, "जात?"

"बौद्ध."

"आधीची?"

"आधीची नागपूरला सोडून आलो साहेब."

त्याला दोन-तीन महिनेच झाले होते. मी त्यांच्याकडे पाहिले आणि रकान्यात आधीचीच लिहिली.

वरिष्ठ इन्स्पेक्टरांनी पंचनामा उभ्याउभ्या वाचला.

"हे काय आहे? चालू स्थितीत?"

"चाललं, सर. मी स्वतः दोरी ओढली."

"तुला फौजदारी करायची आहे का प्रयोगशाळा काढायची आहे? चालू इंजिन लिहिलंस की त्याचा वकील उभा राहून सांगणार, हा शास्त्रज्ञ आहे, देशासाठी तेल शोधतोय. मॅजिस्ट्रेट ताकीद देऊन सोडून देईल. आणि ती चाळ कुणाची? पाट्या कुणाच्या वाळत होत्या? चळवळवाल्यांच्या चाळीत भट्टी, असं पेपरात यायला हवं. शास्त्रज्ञ म्हणे! यांच्यात कधीपासून शास्त्रज्ञ निघायला लागले?" त्यांनी कागद माझ्यापुढे टाकला. "फाड. सह्या आहेत ना तुझ्याकडे?"

सह्या होत्याच. नसत्या तर मला दोन माणसे शोधावी लागली असती, त्यांच्याकडे पाहून खोटे सांगावे लागले असते, आणि कदाचित तिथे माझी जीभ अडली असती. कोऱ्या कागदावर हात अडत नाही. मी लिहिले, 'एक जुने, गंजलेले, निकामी यंत्र.' रासायनिक तपासणीसाठी बाटली भरली तीही नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या भांड्यातून, ज्यात एरंडेल अजून पडलेले नव्हते, म्हणजे ती पिण्याची दारूच ठरावी.

नोकरी कायम व्हायची होती, घरी आईवडील होते, हे सगळे खरे आहे आणि मी इतकी वर्षे स्वतःला तेवढेच सांगत आलो. पण तेवढेच नव्हते. मी इंटर सायन्सला दोनदा नापास होऊन पोलिसात आलो होतो. तो माणूस मला, उभा राहून, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत इंजिन समजावून सांगत होता. ते मला बोचले होते. वरिष्ठांनी 'फाड' म्हटले, तेव्हा भीतीच्या खाली कुठेतरी बरेही वाटले. हे वाक्य लिहायला मला पन्नासच्या वर वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींची बायको ठाण्यात आली. पदराच्या गाठीत तिन्ही अर्जांच्या टपालाच्या पोचपावत्या होत्या. तारखा स्पष्ट, शिक्के स्पष्ट. माणूस लपूनछपून काही करत नव्हता, याहून मोठा पुरावा दुसरा नव्हता.

"हे कोर्टात दाखवाल ना साहेब?"

"लावतो कागदांना," मी म्हणालो.

मी त्या माझ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या.

वर्तमानपत्रात बातमी आली, वरिष्ठांना हवी होती तशीच. चाळीतल्यांनी मिस्त्रींना वकील देऊ केला. आतापर्यंत रोज हाक मारणाऱ्या काहींनी मात्र बातमी वाचून त्यांच्या घरचे पाणीही सोडले, असे मला पुढे कळले. मिस्त्रींनी वकील नाकारला. साहेबांनी लिहून घेतले आहे, मग वकील कशाला, असे त्यांचे म्हणणे.

मॅजिस्ट्रेटपुढे ते म्हणाले, "गाळली, कबूल आहे. शिक्षा द्या. फक्त साहेबांना इचारा, इंजिन चाललं का नाय."

मॅजिस्ट्रेट म्हातारे होते, चांगले होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "काय हो, यंत्र चालू होतं का?"

पिंजऱ्यातून मिस्त्री माझ्याकडे बघत होते. विश्वासाने बघत होते, असे म्हणत नाही. ज्याला उत्तर माहीत आहे, असा माणूस बघतो तसे.

"पंचनाम्यात लिहिल्याप्रमाणे, निकामी होतं, सर."

पानवाल्याने शपथेवर तेच सांगितले. त्याने ती शेड कधी पाहिलीच नव्हती.

तीन महिने सक्तमजुरी झाली. गॅरेजची नोकरी गेली. मुद्देमालाचे काय करायचे तेही निकालातच असते. स्पिरिट गटारात ओतले, नळी ठोकून चपटी केली आणि यंत्र निकामी असल्यामुळे भंगारात द्यायचा हुकूम झाला. माझ्या एका शब्दाने मिस्त्री तुरुंगात गेले, आणि इंजिन गेले तेही त्याच शब्दाने. चालू म्हणून लिहिले असते, तर शिक्षेनंतर ते परत मिळाले असते.

सुटून आल्यावर ते थेट ठाण्यात आले. मी ड्यूटीवर होतो.

"साहेब, इंजिन न्यायला आलोय."

"भंगारात गेलं. निकामी होतं."

 ते अगदी हळू आवाजात, जणू मलाच कशाची आठवण करून देत आहेत असे म्हणाले, "दोरी तुम्हीच ओढलीत ना साहेब?"

मी हवालदारांना म्हणालो, "याला बाहेर काढा." हवालदार जागेवरून हलले नाहीत. मिस्त्री आपले आपणच गेले.

महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, मी कायम झालो आणि पुढे चढत गेलो. सत्तरच्या दशकात तेल भडकले, तेव्हा सगळे विचारू लागले की पेट्रोलला दुसरे काही आहे का. मी तोंड मिटून ऐकत असे. मग चार-पाच वर्षांपूर्वी जावयाच्या गाडीतून जाताना पंपावर पाटी दिसली, पेट्रोलमध्ये उसाच्या मळीपासून केलेले इथेनॉल मिसळल्याची. जावई कौतुकाने म्हणाला, "बघा बाबा, काय काय शोध लावतात आता." मला गाडीत बसवेना. मी उतरून पायी घरी आलो.

मागच्या वर्षी घोडपदेवला गेलो. चाळ अजून आहे, शेड नाही. मिस्त्री वारले होते. त्यांनी पुन्हा इंजिनाला हात लावला नाही, गोदीत ओझी उचलली. त्यांची बायको आहे. बाई ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, त्याच चाळीत मुलीजवळ राहतात. मला त्यांनी दारातच ओळखले. बसा म्हणाल्या नाहीत.

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले. मग मी खिशातून त्या तीन पोचपावत्या काढल्या. प्रत्येक बदलीत मी त्या बरोबर नेल्या होत्या. का, ते मला सांगता येत नाही. बाईंनी त्या डोळ्यांजवळ धरून पाहिल्या.

"हे तर आमचेच," त्या म्हणाल्या. "तुमचा कागद कुठाय?"

त्यांनी पावत्या पदराच्या गाठीत बांधल्या.

"मरेस्तवर सांगत होते, चाललं होतं म्हणून. जावई तोंडावर हसायचा. नातू म्हणायचा, आजोबांनी दारूची केस झाकायला गोष्ट रचली. तुम्ही होतात ना तिथं? मग लिवून द्या."

वर्षभर मी लिहीत आणि फाडत होतो. नोकरीने मला काय शिकवले असे कुणी विचारले तर एवढेच सांगेन. आम्ही पकडलेल्यांपेक्षा आम्ही लिहिलेले जास्त काळ टिकते, आणि खोटे लिहिणाऱ्याला ते मागे घ्यायला दुसरी नोकरी मिळत नाही. बाकी शहाणपण माझ्याजवळ नाही. कागद आहे, तो खाली देतो.

'समक्ष हजर राहून लिहून देतो की, घोडपदेव येथील चाळीच्या मागील पत्र्याच्या शेडमध्ये एक लहान इंजिन मिळून आले. ते मळीपासून गाळलेल्या व एरंडेल मिसळलेल्या स्पिरिटवर चालत होते. त्यात पेट्रोल नव्हते. दोरी मी स्वतः ओढली. तिसऱ्या ओढीस इंजिन सुरू झाले व घड्याळाप्रमाणे सात मिनिटे चालले. त्यावर मोटारीचा एक दिवा लागला. शेडमध्ये पेला, गिऱ्हाईक अगर विक्रीची कोणतीही खूण मिळून आली नाही. इंजिन तयार करणार इसम धंद्याने मिस्त्री, धर्माने बौद्ध. त्यांनी सरकारकडे तीन अर्ज केले होते. इंजिन चालू स्थितीत होते.'

पहिला पंच म्हणून मी सही केली आहे. दुसऱ्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे. हा कागद घेऊन मी उद्या घोडपदेवला जाणार आहे. बाई आधी वाचतील. सही करायची की नाही, ते त्या मागाहून ठरवतील.